गिटारीच्या मशीनला लावलेलं कुंकू

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात की माझा धागा तुटतो, आणि मग मी स्वतःची बाजू घ्यायला लागतो. या गोष्टीत माझी बाजू घेण्यासारखं काही नाही. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवणारा मी माणूस, आणि एका गिटारीच्या मशीनपायी तेर गावात दोन दिवस पुजारी म्हणून नांदलो.

तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही आणि पुजारी? तेच तर सांगतोय. चहा घ्या आधी.

माझी ख्याती तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. कुणाच्या दाराला लिंबू-मिरची दिसली की मी त्यातली मिरची तोडून पोरांसमोर चावून खातो. आजवर मिरची तिखट असते एवढंच त्यातून सिद्ध झालंय, पण खातो. देवळात गेलो तरी घंटेला हात लावत नाही. घरातला देव्हारा बायकोचा, तिथं मी ढवळाढवळ करत नाही. गावात कुणाच्या घरात उंबऱ्यावर लिंबू सापडलं तर लोक म्हणतात, सरांना बोलवा, ते सरबत करून पितील.

दुसरा नाद जुन्या रेडिओचा. धाराशिवला शिकायला होतो तेव्हा एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं सुट्टीत बसायचो. तेव्हापासून काचेचे व्हॉल्व्ह असलेली कुठलीही पेटी दिसली की हात शिवशिवतात. घरामागच्या खोलीत माझा कारखाना आहे. सुनंदा, म्हणजे आमची बायको, त्याला भंगार म्हणते. तिचंही अगदीच चूक नाही.

आता अप्पा. शिवलिंगअप्पा म्हणजे आमच्या गावचे जुने आडत दुकानदार. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, बोलणं थोडकं. पण हा माणूस गिटार वाजवतो. खांद्याला अडकवून नाचत वाजवायची नव्हे, मांडीवर आडवी ठेवून तारेवर लोखंडी कांडी फिरवत वाजवायची. तरुणपणी सोलापुरात एक ऑर्केस्ट्रा मोडीत निघाला, तेव्हा अप्पांनी ती गिटार आणि तिचा अँप्लिफायर बैलगाडीभर कडब्याच्या दरात घेतला, असं लोक सांगतात. अँप्लिफायर हा शब्द आमच्याकडं कुणी वापरत नाही. त्याला मशीन म्हणतात.

काय ते मशीन! लाकडी पेटी, आत पाच व्हॉल्व्ह, खाली स्पीकर. बटन दाबलं की लगेच बोलत नाही. व्हॉल्व्ह तापायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात अप्पा पान लावतात आणि सगळं देऊळ गप बसून वाट बघतं. श्रावणातल्या सोमवारी महादेवाच्या देवळात भजन असतं, त्यात अप्पांची गिटार. आवाज जाडसर, घोगरा, दुधावरच्या सायीसारखा. आम्ही लहानपणापासून तोच ऐकलेला.

मागच्या दिवाळीनंतर गंगव्वाकाकू गेल्या. अप्पांची बायको. अप्पांनी गिटार कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. दुकानात बसायचे, पण गिऱ्हाइकाकडं बघायचेसुद्धा नाहीत. भजनी मंडळाचा भानुदास, तो मृदंग वाजवतो, आठ महिने त्यांच्या दाराशी खेटे घालत होता. शेवटी या श्रावणात अप्पा हो म्हणाले. तिसऱ्या सोमवारी बसतो म्हणाले.

"पर एकदाच बसतो," अप्पा त्याला म्हणाले होते. "मन लागलं तर पुढं बगू. न्हाय लागलं तर गिटार इकून टाकतो. मला परत कुणी म्हणायचं न्हाय."

हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अप्पांनी त्या दिवशी वाजवलं तर पुढं जगतील, नाहीतर दुकानातल्या गोण्यांतली एक गोणी होऊन बसतील, असं सुनंदा म्हणायची. अप्पांना आम्ही घरातलंच मानतो. माझे वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत रोज येऊन बसणारा हा माणूस.

गुरुवारी अप्पा स्वतः मशीन घेऊन आमच्या दारात. बरोबर हमाल.

"सर, घरघर करतंय," म्हणाले. "जरा खोलून बगा. आन आतनं-भायेरनं चांगलं साफ करा."

"करतो की अप्पा. आत या, चहा घ्या."

"नको. तुमीच करा बरं का. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाय. तुमीच."

हे 'तुमीच' त्यांनी दोनदा म्हटलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याची बटणं ताणली. अख्ख्या जिल्ह्यात व्हॉल्व्ह कळणारा माणूस कोण, तर मी. म्हाताऱ्याला माणसाची पारख आहे, असं मी सुनंदाला म्हटलंसुद्धा.

घरघरीचं कारण अर्ध्या तासात सापडलं. जुने कंडेन्सर सुकले होते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर बसनं धाराशिवला जाऊन नवीन आणले, जोडले, घरघर बंद. शहाणा माणूस तिथं थांबला असता. मशीन झाकलं असतं आणि अप्पांना निरोप पाठवला असता.

पण मी मोबाइलवर व्हिडिओ बघतो ना. परदेशातली दाढीवाली माणसं जुन्या गिटारीची मशीनं खोलतात, दोन-चार भाग बदलतात आणि आवाज आणखी उबदार करतात. मधात घोळल्यासारखा. वर म्हणतात, ऐका, ऐका फरक. मला मोबाइलच्या स्पीकरवर फरक काही कळत नव्हता, पण मी मान डोलवायचो. मनात आलं, अप्पा इतक्या महिन्यांनी वाजवणार. आवाज नुसता पहिल्यासारखा कशाला, पहिल्यापेक्षा गोड देऊ. काकूंच्या आठवणीनं वाजवतील, लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि मग कुणीतरी विचारेल, हे केलं कुणी?

अप्पांना विचारलं का? खामखा कशाला विचारायचं, म्हटलं.

लागलो कामाला. तारेचा वरचा किनरा आवाज गिळतो असा एक कंडेन्सर बसवला. एक व्हॉल्व्ह काढून माझ्या साठ्यातला जुना घातला. मधी एक झटका खाल्ला. बंद केलेल्या मशीनमधीसुद्धा वीज साठून राहते, हे मी दरवर्षी नववीला शिकवतो. त्या दिवशी मशीननं मला शिकवलं. मी भिंतीला टेकून बसलो आणि सुनंदानं दारातनं विचारलं, "चहा टाकू का डॉक्टरला बोलवू?"

मग साफसफाई. मशीनची पुढची कापडी जाळी उंदरांनी कधीच खाल्ली होती, त्यामुळं स्पीकरचा काळा कागद उघडाच. पण काळा कुठला? त्याच्यावर पिवळा, लाल, राखाडी असा जाड थर. खंडेनवमीला आपल्याकडं तराजू, वजनं, वह्या, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, सगळ्याला हळदी-कुंकू वाहतात. गंगव्वाकाकू या मशीनलाही वाहायच्या. वर प्रत्येक श्रावणी सोमवारी विभूती. अशी वर्षानुवर्षं. आमच्या तेरला कुठंही खणलं तर जुन्या वस्तीचा थराखाली थर निघतो, तसा तो प्रकार.

सुनंदा चहा घेऊन आली आणि थबकली.

"अहो, ते काकूंच्या हातचं कुंकू आहे."

"थर आहे. हळद, तेल आणि धूळ."

"अप्पांना एकदा विचारा की."

"अप्पांनीच सांगितलंय साफ करा म्हणून. तुझ्यासमोर."

"साफ करा म्हणाले. हे पुसा म्हणाले का?"

यावर मी काय बोललो असेन? मी तिला थराची रासायनिक घडण समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं, कप ठेवला आणि ती गेली.

मऊ ब्रश घेऊन मी हलक्या हातानं सगळं झाडलं. राहिलेलं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. खाली अंथरलेल्या पेपरवर चांगली वाटीभर पूड पडली. सुनंदानं ती गपचूप गोळा केली आणि तुळशीत घातली. स्पीकर दुकानातून आणल्यासारखा काळा कुळकुळीत. मी लांबून बघितलं, जवळून बघितलं. फार समाधान वाटलं.

शनिवारी दुपारी मशीन लावलं. माझ्याकडं एक साधी गिटार आहे, वाजवता येत नाही, पण तार छेडता येते. दोन मिनिटं थांबलो. छेडली.

स्वयंपाकघरातून सुनंदाचा आवाज आला, "ताट पडलं का?"

ताट नव्हतं पडलं हो. मशीन बोललं होतं. साय नाही, घोगरेपणा नाही, नुसती तार. कान चिरत जाणारी. अप्पांचा तो जाडसर आवाज कुठं गेला? मी पुन्हा छेडली. पुन्हा ताट.

म्हटलं, केलेले बदल उलटे बसले असतील. कंडेन्सर काढला. व्हॉल्व्ह पहिला होता तो परत घातला. सगळं होतं तसं केलं. छेडली. ताट. मग घाबरून उलट्या बाजूनं गेलो आणि कंडेन्सरवर कंडेन्सर चढवले. आवाज असा झाला की गिटार गोधडी पांघरून तापानं कण्हतीय. तेही काढलं. परत ताट.

नववीच्या पोरांना पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहून देतो, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर निकाल कशामुळं आला ते कळत नाही. हे चुकलं म्हणून मी पोरांचे मार्क कापलेत. आणि इथं मी काय केलं होतं? आतले भाग बदलले आणि त्याच दिवशी स्पीकर पुसला.

"अहो," सुनंदा दारात उभी राहून म्हणाली, "आतलं सगळं तुम्ही परत पहिल्यासारखं केलं ना?"

"केलं."

"मग पहिल्यासारखं नाही असं काय उरलं?"

मी स्पीकरकडं बघितलं. स्पीकर काळा कुळकुळीत. त्या थरानं कागद जड झाला होता हो. जड कागद किनरा आवाज देत नाही, जाड देतो. ती परदेशी माणसं शेकडो रुपयांचे भाग बदलून जे करतात ते गंगव्वाकाकूंनी हळदीच्या चिमटीनं केलं होतं. अप्पांचा आवाज व्हॉल्व्हमधी नव्हताच. तो काकूंच्या बोटातून आलेला होता, आणि मी तो झाडून तुळशीत घालवला होता.

खरं सांगतो, त्या वेळी मला रडू आलं. विज्ञानाचं सोडा. त्या माणसाकडं बायकोच्या हातचं जे उरलं होतं ते मी स्पिरिट लावून पुसलं. आणि सोमवारी तो बसणार, तार छेडणार, ताट वाजणार, आणि तो गिटार विकून टाकणार. ते माझ्यामुळं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"करंडा देऊ का?" ती म्हणाली.

रविवारी सकाळी प्रयोग सुरू झाला. प्रयोगच म्हणणार मी. एका वेळी एकच गोष्ट. पहिल्यांदा हळद पाण्यात कालवून ब्रशनं लावली, कागद भिजायला लागला म्हणून वाळवून झाडली. कोरडी भुरभुरली, तर सगळी खाली. सुनंदा बघत होती, म्हणाली, "बोटानं लावा. करंगळीशेजारच्या." अनामिकेला पाण्याचा हात लावून, हळद घेऊन टेकवली. बसली. आवाज तेवढ्यानंच जरा मऊ झाला. मग हळदीवर कुंकू. मग भानुदासनं कधीतरी पाठवलेला भजनाचा जुना फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला, त्यात स्पीकरला विभूतीचे पट्टे कुठं होते ते मोजून तसेच ओढले. बरंच जमलं. तरी थोडा करकरीतपणा होता. म्हटलं, देवळात उदाचा धूर असतो, त्याची काजळी बसली असणार. मग ऊद घातला.

आता माझा अवतार लक्षात घ्या. उकाडा भयंकर, म्हणून मी उघडा. नुकती आंघोळ झालेली, कमरेला पंचा. जमिनीवर मांडी घालून बसलोय. समोर मशीन, त्याला हळद, कुंकू, विभूती. शेजारी करंडा, पाण्याचा तांब्या. आणि मी हातात उदाचं धुपाटणं घेऊन स्पीकरसमोर गोल गोल फिरवतोय, कारण धूर सगळीकडून सारखा बसायला पाहिजे.

खिडकीतून कुणीतरी खाकरलं. भानुदास.

"सर," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"प्रयोग चालू आहे, भानुदास."

"चालू द्या, चालू द्या." त्यानं बाहेरच चपला काढल्या, आत आला आणि हात जोडून उभा राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "घंटी न्हाय व्हय, सर?"

"अरे, पूजा नाही ही."

"व्हय सर. मी कुणाला सांगत न्हाय."

भानुदास कुणाला सांगत नाही म्हणाला की तासाभरात ते कुरडुवाडीपर्यंत जातं.

आता तुम्ही विचाराल, खरं का नाही सांगितलं? कसं सांगणार? खरं सांगायचं म्हणजे काकूंचं कुंकू मी पुसलं हे सांगायचं. ते सोमवारच्या आत अप्पांच्या कानावर गेलं तर ते देवळात येतील का? एक लपवायचं तर दुसरं कबूल करायचं, अशी माझी गत. म्हणून मी काय केलं, गप बसलो. आणि आमच्याकडं गप बसलेल्या माणसाला लोक साधू समजतात.

संध्याकाळी चार बायका नारळ घेऊन आल्या. सुनंदानं पदर तोंडाला लावला होता, मला वाटलं भक्तीनं, पण ती हसत होती. एक ओळखीचे गृहस्थ येडशीहून मोटारसायकलवर आले. त्यांच्या पोरीचं लग्न जमत नव्हतं, मशीनला काही विचारता येतं का, म्हणाले. मी म्हटलं, हे गिटारीचं मशीन आहे. ते म्हणाले, असू द्या, आमची काही हरकत नाही.

रात्री जेवताना हेडमास्तरांचा फोन आला.

"सर, मंगळवारी आपल्याकडं तुमचं व्याख्यान ठेवलंय. अंधश्रद्धा आणि आपण."

"हो, आहे की."

"नाही म्हणजे, आत्ता काही ऐकण्यात आलं. विषय बदलू का?"

"विषय तोच ठेवा, सर."

"बरं." थोडं थांबले. "मग वक्ता बदलू का?"

सोमवारी संध्याकाळी मशीन देवळात न्यायचं. मी हातगाडी सांगितली होती. भानुदास मंडळी घेऊन आला, मशीनला झेंडूचा हार घातला आणि टाळ सुरू केले. मी म्हटलं, टाळ कशाला? तो म्हणाला, तुमची लाज आता गेली ना सर, मग चला की मोकळ्या मनानं. असं आमच्या गल्लीतून मशीन निघालं. पुढं टाळ, मधी मशीन, आणि मागं मी, खाली मान घालून. माझे दहावीचे विद्यार्थी रस्त्याच्या कडेला उभे. एकानं वाकून नमस्कार केला, मशीनला का मला ते कळलं नाही.

देऊळ गच्च भरलेलं. अप्पा आले. पांढरं धोतर, मांडीवर गिटार. त्यांनी मशीनकडं बघितलं, स्पीकरकडं बघितलं, हळदीकडं, कुंकवाकडं, तीन पट्ट्यांकडं. बराच वेळ बघत राहिले. ओळखतात की काय, बोट वेगळं म्हणून?

बटन दाबलं. दोन मिनिटं. पान लावलं. कांडी तारेवर ठेवली आणि छेडली.

तोच आवाज! जाडसर, घोगरा, साय आलेला. देवळातनं एक हुंकार उठला. भानुदासनं डोळे पुसले. मी खांबाला टेकलो. जमलं म्हटलं, इज्जत गेली तर गेली, पण अप्पांचा आवाज परत आला.

अप्पांनी दोन सूर वाजवले आणि हात थांबवला. गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"सर," ते हळूच म्हणाले, "तुमी पुसलं न्हाय व्हय हे?"

मला वाटलं, परीक्षा आहे. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "नाही अप्पा. काकूंच्या हातचं आहे ते. मी बोटसुद्धा लावलं नाही."

अप्पांचा चेहरा पडला. अगदी उतरला.

"असं व्हय," म्हणाले. "म्या किती वर्सं तिला म्हणत हुतो. गंगव्वा, पेटीला लाव, कागदाला लावू नगंस, आवाज बसतोय. ऐकलं न्हाय तिनं. म्हणायची, पेटीला लावून काय, बोलतं कोण, कागद. सोलापुरातनं आणलं तवा लखलख आवाज हुता याचा. तिला बगाया गेलो तवा तोच वाजवून दाखवला हुता. त्या आवाजावर ती हो म्हणाली. तेवढा एकदा ऐकायचा हुता मला."

"मग अप्पा, तुम्हीच..."

"माझ्यानं पुसवंना. पोरांना सांगितलं, त्यांच्यानं बी हुईना. आईच्या हातचं म्हणाली." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हटलं, गावात देवाला न भिणारा येकच माणूस हाय. म्हणून तर तुमच्याकडं दिलं. तुमीच करा म्हटलं."

मला कळत नव्हतं कुठं बघावं. तुमीच म्हणजे व्हॉल्व्ह कळणारा तुमीच नव्हता. मिरची खाणारा तुमीच होता.

शेवटी बोललो. काय करता? "अप्पा, मी पुसलं होतं. शुक्रवारीच पुसलं. शनिवारी तो आवाज ऐकला आणि घाबरलो. मग काल बसून परत लावलं. हे माझ्या हातचं आहे."

अप्पांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. काकू गेल्यापासून त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं. हसता हसता त्यांना ठसका लागला, भानुदास पाठ चोळायला लागला, तर "साकु, साकु," म्हणून त्याचा हात बाजूला केला. त्यांच्या घरात कानडी बोलतात, बास करा म्हणाले.

"मग पुसा की परत," ते डोळे पुसत म्हणाले. "तुमच्याच हातचं हाय."

बरोबर होतं. माझ्याच हातचं, कालचंच, करंड्यातलं. मी खिशातून रुमाल काढला आणि मशीनसमोर बसलो. स्पीकरला लावलेलं ते कुंकू, ते पट्टे, माझ्याच बोटाचे ठसे. मागं गाव बघतंय. भानुदास म्हणाला, "सर, जपून, पाप लागंल." मी म्हटलं, मूर्खपणा आहे. रुमाल पुढं नेला.

आणि हात पुढं जाईना.

थट्टा नाही करत. बोटभर अंतरावर रुमाल थांबला आणि तिथंच राहिला. मनात म्हटलं, हळद आहे, कॅल्शियम आहे, राख आहे. हाताला ते पटेना. शुक्रवारी याच हातानं वाटीभर झाडली होती, तेव्हा काही वाटलं नव्हतं.

अप्पा वाकून बघत होते. "तुमी बी गेलात व्हय, सर?" म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. एवढा एक माणूस होता, तोही गेला.

बायकांच्या बाजूनं सुनंदा उठली. रोज पूजा करणारी, सोमवार धरणारी, तेव्हा सकाळपासून उपाशी असलेली. ती मशीनसमोर आली, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काकू, अप्पांना तुम्हाला बघायला आलेल्या वेळचा आवाज ऐकायचाय. पुसते. रागावू नका." आणि माझ्या हातातला रुमाल घेऊन दोन मिनिटांत सगळं साफ केलं. थोडं कुंकू बोटाला उरलं, ते पेटीच्या लाकडाला लावलं. झालं. परत जाऊन बसली.

अप्पांनी छेडली. लखलख. परवा जो आवाज मला ताट वाटला होता, तो त्यांच्या हातात काय वाजला म्हणून सांगू! मी तार छेडली होती, त्यांनी वाजवली. तासभर थांबले नाहीत. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते, कारण दोन्ही हात कामात होते. माझेही डोळे वाहत होते. उठताना भानुदासला म्हणाले, "पुढच्या सोमवारी येळेवर ये रं."

मंगळवारी व्याख्यान झालं. वक्ता बदलला होता.

आता मशीनला काही झालं की अप्पा अजूनही आमच्याच दारात येतात. उंबऱ्याबाहेर उभे राहतात आणि मी पुढं झालो की माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतात, "बाई हायत का घरात? नसल्या तर मग येतो."